पाच-चाळीसची पानं

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. म्हसवडजवळच्या एका परसात अकरा रोपांनी पानं उभी केली. वारा नव्हता, पाणीही नव्हतं. पायरीवर बसलेल्या सारिका वीरकर उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. घड्याळ बघायची गरज त्यांना सहा वर्षांत पडली नव्हती.

रुपेरी हे दुष्काळी पट्ट्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेलं रोप. पावसाळा सरता पेरायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी बी धरून ते वाळतं. पानांवरची चंदेरी लव ऊन परतवते, दव धरून ठेवते. पण त्याची खरी करामत होती तहानखूण. कोरड्या जमिनीत रोज ज्या वेळी पाणी मिळतं, ती वेळ रोप लक्षात ठेवतं आणि तेवढ्यापुरती पानं उभारून, त्यांवरची बारीक छिद्रं उघडून तयार राहतं. ही खूण बियांतूनही उतरते. आईला पाणी कधी मिळायचं, हे लेकीला उपजतच ठाऊक.

हणमंत वीरकर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सहाची पहिली गाडी सोडायची म्हणून पाच-चाळीसला तांब्या घेऊन परसात उतरायचे. प्रत्येक रोपाला एकेक घोट, आणि वर खड्या आवाजात घोषणा: "प्रवाशांनी लक्ष द्यावे! रुपेरी जलद फलाट क्रमांक एकवर लागत आहे!"

"अहो, शेजारी हसतात," सारिकाबाई आतून ओरडायच्या.

"हसू देत. तिकीट कुठं काढलंय त्यांनी?"

सहा वर्षांपूर्वी ते गेले, त्या वर्षी सारिकाबाईंनी एका वाफ्याला संध्याकाळी पाणी घातलं. त्या वाफ्याच्या बियांची रोपं पुढच्या वर्षी संध्याकाळीच उठली. हणमंतरावांची पाच-चाळीस पुसली जाऊ नये म्हणून मग तांब्या फडताळात गेला. दवावरही रोप जगतं, असं बियांच्या पाकिटावर लिहिलेलंच होतं.

यंदा बीजकेंद्राच्या डॉ. रेहाना मुलाणी पाहणीला आल्या आणि वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या.

"काकी, एवढीच?"

"पूर्वी दोन वाफे भरायचे. औंदा अकराच उगवली."

"रोज पाच-चाळीसला ही छिद्रं उघडून वाट बघतात. पाणी येत नाही. उलट अंगातलं उडून जातं. मग बी धरायला जोर उरत नाही. पुढच्या वर्षी बहुतेक काहीच उगवणार नाही."

"मग मी घालते की, पाच-चाळीसला."

"घाला, वाचतील. पण रोपाला हात कळत नाही काकी, वेळ कळते. नवं पाणी मिळालं की जुनी खूण पुसून नवी बसते."

"वेळ तीच, मग खूण पण तीच. ह्यांचं घड्याळ अजून भिंतीवर चालतंय."

रेहानाने बियांच्या पाकिटावर आपला फोन नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी फडताळातून तांब्या निघाला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे," एवढंच सारिकाबाई पुटपुटल्या. पुढचं आलं नाही. दहा रोपांना पाणी घालून झालं आणि भिंतीकडच्या अकराव्यापाशी त्यांचा हात थांबला. ते एक कोरडंच ठेवलं.

तेराव्या सकाळी पाच-चाळीस झाले, तरी दहांची पानं पडलेलीच होती. पाच-त्रेचाळीसला ती उठली.

"रांजणापासून वाफ्यापर्यंत तुम्हाला तीन मिनिटं लागतात," रेहाना फोनवर म्हणाली. "गुडघे दुखतात ना?"

"उद्यापासून लवकर निघते मग."

"निघा. थोड्या दिवसांत पाच-चाळीस परत येईल. पण ती तुम्ही लावलेली असेल, काकी."

दुसऱ्या दिवशी सारिकाबाई लवकर निघाल्या नाहीत.

आज महिना झाला. दहा रोपं कळ्यांनी वाकली आहेत आणि पाच-त्रेचाळीसला उठतात. भिंतीकडचं अकरावं मात्र आजही पाच-चाळीसलाच उठलं. त्याची खालची पानं वाळली आहेत, कळी अजून एकही नाही. सारिकाबाई त्याच्यासमोर उभ्या आहेत. तांब्यात एक घोट पाणी आहे.