कॅमेऱ्याला दिसलेले मूल

सौसरजवळच्या रामाकोन्याच्या विठ्ठलमंदिरात मी, एक कीर्तनकार, गेलो होतो तो केवळ एका आठ वर्षांच्या मुलीला वीणा कशी धरावी हे शिकवण्यासाठी. चित्रपट रवींद्रचा. लहानपणी दूरदर्शनच्या मालिकेत बालसंताची भूमिका केलेला हा सौसरचा मुलगा आता नावाजलेला दिग्दर्शक झाला होता. कथा १९५६ सालची. प्रांत तुटतो, नागपूर मराठी मुलखात जाते, सौसर हिंदी मुलखात राहते, आणि नोकरीपायी नागपूरला निघालेल्या बापाला मुलगी देवळातून निरोप देते.

दुपार कलली होती. गाभाऱ्यात विझलेल्या वातीचा वास दाटला होता. त्या मुलीचे काम करणाऱ्या स्मिताने वीणा गळ्यात उत्तम धरली. डोळ्यांत पाणी मात्र येईना.

रवींद्रने मला बाजूला घेतले. "बुवा, तुमच्यावर तिचा भरोसा आहे. सांगा तिले, तुही माय गेली म्हणून. मलेही असंच सांगितलं होतं. तो सीन लोक अजून विसरले नाहीत."

"आणि तुझी माय?"

"जिवंत होती. पण खरं सांगाले कोणी आलंच नाही... दोन दिवस."

"देवासमोर मी खोटे बोलणार नाही."

"काहून अडून राहिले, बुवा? लाखाचं काम थांबलं!"

"थांबू दे. तुझा कॅमेरा माझ्या विठ्ठलाहून मोठा नाही."

तो संतापून स्वतःच मुलीकडे निघाला. मी उंबऱ्यावर आडवा उभा राहिलो. तेवढ्यात ध्वनिमुद्रण करणारी नलिनी कानांवरचा हेडफोन काढत पुटपुटली, "सर... आत कोणी पोरगं रडून राहिलं..."

आत स्मिता एकटीच होती, कोरड्या डोळ्यांची.

मॉनिटरवर मात्र दोघे दिसत होते. तिच्या शेजारी त्या मालिकेतल्याच वेषात, पीतांबर नेसलेला, कपाळी बुक्का लावलेला नऊ वर्षांचा रवींद्र हुंदके देत होता.

"पण मी तर... जिवंत आहे, बुवा," माझ्याजवळ उभा असलेला मोठा रवींद्र म्हणाला.

"तू आहेस. त्याला अजून कोणी खरे सांगितलेले नाही."

गलका ऐकून पायऱ्यांवर बसलेली स्मिताची आई, प्रतिभा, आत आली. माइकवर आमचे बोलणे ऐकलेल्या नलिनीने तिला सारे सांगितले. तिने मॉनिटरकडे एकदा पाहिले. आम्ही सारे मागे सरलो. ती सरली नाही.

"मले जितेपणी मारून राहिले काय? मोठे आले डायरेक्टर!" ती कडाडली, आणि गाभाऱ्यात जाऊन रिकाम्या जागेपुढे वाकली. "रडू नको रे बाबू. तुही माय घरी वाट पाहून राहिली. चाल, नेतो तुले."

ती निघाली. उजव्या हाताला स्मिता. डावा हात किंचित खाली झुकलेला, बोटे मिटलेली.

रवींद्रने माझा हात धरला. "बुवा... मायले जाऊन सहा वर्षं झाली. घर बंद आहे..."

मी प्रतिभेला हाक मारली. ती वळली नाही.

रवींद्रच्या सौसरच्या त्या घराला मागून कुलूप होते, पुढच्या दाराला आतून कडी. प्रतिभा आजही शपथेवर सांगते, डाव्या हाताच्या ओढीनेच ती त्या दारापर्यंत पोचली, आणि तिने दार वाजवलेसुद्धा नाही. कडी आतून निघाली, आणि तिचा डावा हात हलका झाला.