डावे बटण

सन १९९६ मधील ही हकिकत आहे. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील आमच्या कारखान्यात पत्र्याची झाकणे ठोकणारे तीन प्रेस होते. प्रत्येक प्रेसच्या अंगाला वहीएवढी लोखंडी पेटी होती, पेटीत एक बोर्ड, आणि त्या बोर्डावरची काळी चिप प्रेसने केव्हा खाली यावे हे ठरवीत असे. चिपला नवा प्रोग्रॅम द्यावयाचा तर ऑफिसातला संगणक चाकांच्या टेबलावरून प्रेसपर्यंत ढकलत न्यावा लागे. केबल मी स्वतः सोल्डर केलेली होती. दोन क्रमांकाची तार तीनला, तीनची दोनला, पाचची पाचला. एक टोक संगणकाच्या पाठीत, दुसरे बोर्डात. मग बोर्डावरचे तांबडे बटण दाबले की काळ्या पडद्यावर हिरवा बाण उमटे. बाण उमटला म्हणजे बोर्ड ऐकत आहे असे समजावे.

माझे शिक्षण नववीपर्यंत. ही विद्या मी चुका करून आणि शॉक खाऊन संपादन केली. तिचा मला अभिमान होता.

प्रेसला दोन हिरवी बटणे असत, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा दट्ट्या खाली येई. हेतू हा की दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असावेत, साच्यात नसावेत. मार्च महिन्यात मालक अप्पासाहेब माझ्याजवळ आले. ते आमच्याच समाजाचे. मला नोकरी त्यांनीच दिली होती.

"रघुपती, डाव्या हाताला तिथं काम काय? शेंगा सोलतो? डाव्यानं पत्रा सरकवू दे, उजव्यानं बटण. काढून टाक ती अट."

मी अट काढली. केवळ एक ओळ. पाच महिने तासाला दोनशे झाकणे अधिक निघाली. सहाव्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मालोजीचा डावा हात मनगटापासून गेला.

मालोजी माझा बालमित्र. एकाच गल्लीतले आम्ही. त्याला रिक्षात घालून इस्पितळात मीच नेले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता अप्पासाहेबांनी मला ऑफिसात बोलावले. बारा वाजता कारखाना निरीक्षक येणार होते.

"जुना प्रोग्रॅम चढव. दोन हातांचा. मी सांगणार, मालोजीनं डावं बटण सुतळीनं बांधून ठेवलं होतं. वर प्यालेला होता."

"साहेब, तो चहासुद्धा पीत नाही."

"मग तू सांग की निरीक्षकाला, ओळ कोणी काढली. प्रोग्रॅम बदलल्याच्या वहीत सही कुणाची आहे रे? माझी? मालोजीचा हात काही परत येत नाही. तुझी नोकरी मात्र जाईल, स्वल्प विचार कर."

मी विचार केला नाही. माझे कान तापले होते. संतापाने माणूस शूर होतो असे मी पुस्तकांत वाचले होते. मी संतापलो आणि टेबल ढकलू लागलो. त्याची चाके करकरत होती. वाटेतल्या कामगारांनी माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

प्रेस धुतलेला होता. फिनेलचा वास येत होता. मी पेटी उघडली, केबल जोडली, तांबडे बटण दाबले. बाण उमटला. फाइल धाडली. ठिपक्यांची रांग पडद्यावर सरकत गेली आणि शेवटी बोर्डाने कळवले की सर्व पोहोचले. मी परत वाचून ताडून पाहिले. एकही अक्षर चुकलेले नव्हते.

नंतर माझ्या नेमाप्रमाणे बटणांची चाचणी लावली. यात पडद्यावर दोन आकडे दिसतात, पहिला उजव्या बटणाचा, दुसरा डाव्याचा. मोकळे असेल तर शून्य, दाबलेले असेल तर एक.

उजवे शून्य. डावे एक.

डाव्या बटणाजवळ कोणीही नव्हते.

बटण अडकले असेल असे समजून मी ते खोलले. आतील पट्ट्या स्वच्छ होत्या, एकमेकींपासून सुट्या होत्या. मी बटणाची तारच बोर्डातून उपटली. तार नसेल तर शून्यच यावयास हवे.

डावे एक.

कपाटातून दुसरा कोरा बोर्ड आणला. तोच प्रोग्रॅम त्यात चढवला. प्रथम दोन शून्ये आली आणि मला हायसे वाटले. मग माझ्या डोळ्यांदेखत दुसरे शून्य गेले, एक आले, क्षणभर पुन्हा शून्य, आणि मग एक स्थिर झाले. एखादा मनुष्य हात घसरल्यावर पकड नीट करतो, तसे ते होते. घड्याळात सव्वादहा झाले होते.

मी तार पुन्हा जोडली. बटण बसवले. अप्पासाहेब मागे येऊन उभे राहिले होते.

"गेला का प्रोग्रॅम?"

"गेला."

"मग ढकल ते टेबल. तोंड पाडून फिरू नको त्यांच्यासमोर."

डाव्याचा एक अजूनही पडद्यावर होता. मला सांगता आले असते. मी पडदा बंद केला आणि केबल काढली. या संपूर्ण प्रकरणात माझे कर्तृत्व म्हणावे ते एवढेच.

निरीक्षक बाराला आले. चष्मा लावलेले, शांत, हातात वही. अप्पासाहेबांनी साच्यात पत्रा ठेवला आणि डावा हात पँटच्या खिशात घातला.

"पाहा सर. एका हातानं हा हलतच नाही. बांधून ठेवल्याशिवाय अपघात होणंच शक्य नाही."

त्यांनी उजवे बटण दाबले.

दट्ट्या खाली आला.

झाकण उडून निरीक्षकांच्या बुटाजवळ घरंगळत गेले. अप्पासाहेबांनी पुन्हा दाबले. पुन्हा खाली आला. तिसऱ्यांदा त्यांनी दाबले नाही.

निरीक्षकांनी वाकून डावे बटण पाहिले. सुतळी नव्हती. त्यांनी पेटीला आणि स्विचला लाखेची मोहोर लावली.

"उद्या अकराला माझे वरिष्ठ येतील. त्यांच्यासमोर पुन्हा हेच करायचं. एका हातानं खाली आला तर दोष यंत्राचा लिहीन. नाही आला तर आजचा योगायोग, आणि दोष त्या कामगाराचा. तोवर कोणी हात लावायचा नाही."

ते गेल्यावर अप्पासाहेब माझ्या तोंडाजवळ आले. "प्रोग्रॅम बरोबर आहे ना रे? मग उद्या नाही येणार खाली. आज काहीतरी सटकलं असेल."

प्रोग्रॅम बरोबर होता. तेच तर मला सलत होते.

चार वाजता भेटीच्या वेळेस मी इस्पितळात गेलो. मालोजीची बायको अंबूबाई थर्मासातून कॉफी ओतत होती. कारखान्यातून कोणीही इकडे फिरकले नव्हते, हे तिने मला आल्याआल्याच ऐकवले. मालोजी उशीला टेकून बसला होता. बँडेज बांधलेले मनगट पांढऱ्या चादरीवर होते.

"ये अण्णा. बघ, एका हातानं जेवायला शिकतोय. तुझ्या प्रोग्रॅमसारखं."

मी खाली मान घातली. तो हसला, मग थांबला.

"एक विचारू? हिला सांगितलं तर रडते. हात नाही, ते दिसतंय मला. पण सकाळपासून तळव्याखाली काहीतरी गोल लागतंय. गार. मी ते दाबून धरलंय."

"सकाळी कधी?"

"मधे एकदा निसटलं. सव्वादहाला. डॉक्टर फेरीला आले होते तेव्हा. परत धरलं."

अंबूबाईने पेला खाली ठेवला. "बघा ओ रघुअण्णा, सकाळपासून हेच. डॉक्टर म्हणाले असं होतं, सगळ्यांना होतं."

"होतं की," मालोजी म्हणाला. "पण आता बोटं दुखायला लागली, अण्णा. फार दुखतात. सोडू का?"

त्याच्या कपाळावर घाम होता. ती ओळ मी काढली होती. सोड म्हणण्याचा अधिकार असलाच तर माझा होता.

"उद्या अकरापर्यंत धर," मी म्हणालो.

त्याने उजव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला.

"सरी, धरतो," तो म्हणाला.

बँडेजच्या पुढे, जेथे हात नव्हता, तेथे चादरीवर बटणाएवढा एक गोल खळगा होता. मी पाहत असताना तो आणखी थोडा खोल गेला.