चंपतरावांची साखळी तेल मागते

अंधार पडायच्या आत देवाजीला बाहेर काढायचं होतं!

वादळात जंगलातल्या चौकीवर झाड कोसळलं आणि एकटा चौकीदार देवाजी पायावर फांदी घेऊन आत अडकला. दुपारी वायरलेसवर त्याचा आवाज अगदी खोल गेला होता. चौकीच्या वाटेवर जागोजाग झाडं आडवी. म्हणून वनरक्षक कामिनीने नागपुरात लकडगंजातल्या आरागिरणीतून चंपतरावांना त्यांच्या चेनसॉसकट, म्हणजे साखळीच्या करवतीसकट, उचललं आणि जीप जंगलात घातली.

साठी उलटलेला हा माणूस लाकूड कापताना पाहावा! भलंमोठं खोड लोण्यासारखं कापायचे. पण कापण्याआधी दरवेळी त्यांची एक पूजा ठरलेली. यंत्र सुरू करून पात्याचं टोक सागाच्या कोरड्या पानावर धरायचं. पानावर तेलाची बारीक रेघ उमटली, की मगच लाकडाला हात.

"काका, तिकडं माणूस मरून राहिला, अन् तुम्ही पानं काय पाहून राहिले!"

"पोरी, साखळी कोरडी धावली तर जळते. मंग झाड काय दातानं तोडशील?"

तिसऱ्या झाडापाशी पेट्रोल संपलं. पुढची वाट तपासायला जाताना चंपतरावांनी बजावलं, "पेट्रोल भरलं का तेलबी भरजो. जोडीनंच!"

कामिनी जीपमागे गेली, आणि तिला आठवलं. स्ट्रेचरला आणि देवाजीसाठीच्या राशनाला जागा करताना तेलाचा काळाकुट्ट डबा तिने गिरणीतच उतरवला होता! सांगायला जीभ रेटेना. तिने नुसतं पेट्रोल भरलं आणि ते परतल्यावर म्हणाली, "भरलं काका. पानावरबी पाहिलं."

चंपतरावांनी विश्वास ठेवला.

चौथं झाड ऐनाचं, कवेत न मावणारं. यंत्र गर्जलं. भुसा उडाला. अर्ध्यावर आवाज बदलला. धूर! जळका वास! पातं खोडात घट्ट रुतलं.

"तेल भरलं व्हतं का वं?"

"नाही. डबा मीच ठेवून आली काका. खोटं बोलली मी." तिला रडू फुटलं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

म्हातारा कामाला लागला. पाचर ठोकून पातं सोडवलं. ते निवल्यावर काट्याने त्याची खाच आणि तेलाचं भोक कोरून साफ केलं. साखळीचे दात कानशीने परजले. मग विचारलं, "देवाजीच्या राशनात तेल कोणतं हाय?"

"सोयाबीनचं पाकीट. अन् बाटलीत जवसाचं."

"जवस वाळून चिकटते. सोयाबीन आण. आजच्यापुरतं भागन, घरी जाऊन धुवा लागन."

पान धरलं. रेघ नाही! पुन्हा धरलं. नाही! तिसऱ्यांदा उमटली, बारीक, पिवळसर! आणि ऐनाचं खोड कडाडून दुभंगलं.

सांजावता चौकी आली. फांदीखाली देवाजी कण्हत होता. चंपतरावांनी चेनसॉ उचललाच होता, तेवढ्यात कामिनीने त्यांचा हात धरला.

"थांबा काका." तिने टाकीचं झाकण उघडलं, उरलेलं पाकीट ओतलं आणि सागाचं पान पुढे धरलं.

"कामिनी, मी मरून राहिलो, अन् तू पानं काय पाहून राहिली वं!" देवाजी ओरडला.

चंपतराव खो खो हसले. कामिनीचे डोळे मात्र पानावरच होते.

"काढतो आम्ही, देवाजीभाऊ," ती म्हणाली. "रेघ आली. चला काका!"