हातकागदाचा घुमट

गणपतीची मूर्ती दुपारी यायची होती आणि गिरगावात विजयकरांच्या घरी मखराचा घुमट सकाळीच नाहीसा झाला.

“तूच नेलास,” मनमोहन विजयकर उन्मेषला म्हणाले. “पहाटे बसवलास, आता गायब. सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव टाकतो.”

उन्मेष मखरं करायचा. लालबागपर्यंतची त्याची गिऱ्हाइकं अशा ग्रुपांवरूनच यायची. त्यानेच घाबरून खासगी गुप्तहेर संघमित्राला बोलावलं होतं. सोबत तिचा साहाय्यक ध्रुव होता.

“घुमट होता कसला?” ध्रुवने विचारलं.

“जाड हातकागदाचा सपाट गोल ताव, त्याला चिरा पाडलेल्या. कडा चौरंगाला टाचायची, मध्यात दोरा ओवून खाली गाठ मारायची आणि वर ओढायचं. चिरा उघडतात, जाळीचा घुमट उभा राहतो. मूर्ती आली की पुढच्या टाचण्या काढून ती आत बसवायची,” उन्मेष म्हणाला.

“म्हणजे गुंडाळून पिशवीतून नेता येतो,” मनमोहन म्हणाले.

छताला दोरा लोंबत होता. टोकाला गाठ तशीच होती. भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा धुरकटल्या होत्या.

शेजारच्या स्वयंपाकघरात सून अवनी घामाघूम झाली होती. “मी कुठची बाहेर जाते? केव्हाची मोदक उकडतेय. वाऱ्याने गॅस विझतो म्हणून खिडकीही बंद.”

“मी आंघोळ करून आले, चौरंगावर वस्त्र अंथरलं, अक्षता वाहिल्या,” मनमोहनांच्या आई राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. “घुमटबिमट मी पाहिलाच नाही.”

ध्रुव चौरंगाकडे बघत राहिला. “अक्षता बघ ना, कशा ओळीने पडल्यात.”

“झालं. सोडवलंस की तू,” संघमित्रा म्हणाली.

“मी? काय सोडवलं?”

“चोर दोरा कापेल, नाहीतर गाठ सोडेल. इथे गाठ शाबूत आहे. म्हणजे कागदच तिच्यावरून निसटला. हातकागद वाफ पितो. मऊ पडला, मधलं भोक फाकलं, घुमट खाली बसून पुन्हा सपाट झाला. आजींना दिसला तो चौरंगावरचा नक्षीचा कागद. वरचं पातळ वस्त्र चिरांत दबलं आणि तांदूळ तिथे जमले. अक्षता वाहिल्यावर चौरंगाला हात कोण लावणार? म्हणून कुणी खाली पाहिलंच नाही.”

“अगं बाई, तो कागद अंथरायला नव्हता?” राजलक्ष्मीबाईंनी नमस्कार केला, अक्षता ओंजळीत घेतल्या आणि वस्त्र उचललं.

खाली ताव होता.

“हाच तो!” म्हणत उन्मेषने तावाचं मधलं भोक चाचपलं. मनमोहनांनी फोनवर लिहून ठेवलेला मजकूर पुसून टाकला. ध्रुवलाही हायसं वाटलं.

“काका, स्टूल लागेल,” थोड्या वेळाने उन्मेष म्हणाला. “या खेपेला गाठीवर मोठं बटण घालतो.”

“चढ तू. मी धरतो,” मनमोहन म्हणाले. “अवनी, ती खिडकी उघड गं आधी.”