दुरुस्तीला दिलेला पाय

ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, मंगळवारी अडीच वाजता, त्यांच्या राहत्या इमारतीच्या जिन्यात.

मामा लिक्विडेटर. कुणाचं दिवाळं निघालं की कोर्ट त्यांना नेमायचं. टाळं ठोकायचं, यादी करायची, माल विकून घेणेकऱ्यांची तोंडं बंद करायची.

त्या वर्षी कृत्रिम पाय बनवणारा एक कारखाना बुडाला. मामांनी आतल्या प्रत्येक वस्तूवर नंबराची चिठ्ठी चिकटवली.

तिसऱ्या दिवशी कुबड्या टेकत एक घड्याळवाला आला.

"साहेब, तो सतरा नंबरचा पाय माझा आहे. दुरुस्तीला टाकला होता."

"पावती?"

"मालक ओळखीचा, पावती कुठली मागणार? घालून दाखवतो ना!"

"घालून काय, कुणीही दाखवेल," मामा म्हणाले.

पावतीशिवाय वस्तू दिली आणि घेणेकऱ्यांनी बोंब मारली, तर भरपाई मामांच्या खिशातून. पण मालकीचा वाद असलेली वस्तू निकालापर्यंत बाजूला ठेवायची असते, हेही मामांना पक्कं ठाऊक होतं. ती कटकट कोण करणार? पाय लिलावात भंगारवाल्याकडे गेला.

अहवालात मामांनी लिहिलं, 'कोणाचाही दावा आलेला नाही.'

महिन्याभरात घड्याळवाला त्याच्या घराच्या जिन्यावरून कुबड्यांसकट कोसळला. जागच्या जागी गेला.

मामांना वाईट वाटलं असेल म्हणता? छे!

मग तो मंगळवार. मामा चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात जेवून पेपर चाळत होते. खालून आवाज आला...

धप्.

मग काहीच नाही.

माणूस जिना चढतो तेव्हा एका पावलामागून दुसरं पडतं. इथे दुसरं पडलंच नाही...

मामा बाहेर आले. चारही मजले रिकामे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीचला... धप्. एक पायरी वर.

रोज एकच. रोज एक पायरी वर.

आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा मामांचं अवसान गळालं. धावत कोर्टात गेले.

"चूक माझी आहे. पाय त्याचाच होता. भरपाई मी देतो."

कारकुनाने मानही वर केली नाही. "केस बंद झाली, साहेब. आणि पाय त्याचा होता, याला कागद काय तुमच्याकडे?"

मामा घरी आले तर मामी जिन्याच्या वळणावर खुर्ची मांडत होती.

"अहो, कोण बिचारं रोज एवढं दमतंय? घटकाभर बसेल."

"उचल ती! आधी उचल!"

"तुमच्यात माया म्हणून नाही!" मामी म्हणाली आणि खुर्ची तिथेच ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले...

आवाज नाही.

तीन वाजले. आवाज नाही. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला, दार उघडलं...

खुर्ची उंबऱ्यासमोर होती. दाराकडे तोंड करून.

याला तीन वर्षं झाली. मामा घराबाहेर पडलेले नाहीत. औषधंसुद्धा आम्हीच पोचवतो, खुर्चीला वळसा घालून. लाकडाची साधी खुर्ची आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघा भाच्यांनी मिळून ती उचलायला घेतली.

जागची हलली नाही.