रविवारचा बेत

उधन्यातल्या जर्मनच्या क्लासचा जिना धनश्री उतरत होती... वर्गात पाऊल न ठेवताच. दारातून विशीतली पोरं दिसली आणि ती तशीच मागे वळली. चौतिसाव्या वर्षी हा उद्योग नको. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधली आपली प्रयोगशाळाच बरी.

वळणावर एक उंच माणूस भिंतीला टेकून उभा होता. तिला पाहताच तो ताठ झाला.

"मॅडम, पस्तिशीनंतर नवी भाषा येते का हो?"

त्यानं तिला शिक्षिकाच समजलं होतं. मी शिक्षिका नाही, असं ती म्हणणार — तोच तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. त्याची भीती अगदी तिच्यासारखीच होती.

"येते," ती म्हणाली.

मग तो विचारत गेला, ती सांगत गेली. शब्द मोठ्या माणसांच्याही लक्षात राहतात, उच्चार मात्र उशिरा वळतात. नुसतं व्याकरण घोकण्यापेक्षा रोज थोडं ऐकावं, थोडं बोलावं. चुकलं तर लोक हसतात, पण विसरूनही जातात. आणि नाही, त्याची घरची अहिराणी पुसली जाणार नाही. हे सगळं तिनं वाचलं होतं. स्वतःपुरतं मात्र त्यातलं काहीच तिला पटलेलं नव्हतं.

"माझी आई पस्तिशीला गावाकडून इथे गोडादऱ्यात आली. भाजीवाल्याशी भांडून भांडून गुजराती शिकली," तो म्हणाला. "पण मी जर्मन माणसाशी भांडायला कुठे जाऊ?"

ती हसली. आता पळून जायची सोयच उरली नव्हती. थोड्याच वेळानं वर्गात ती त्याच्याच बाकावर येऊन बसली, तेव्हा तो बघतच राहिला.

"म्हणजे तुम्ही पण... मग ते सगळं?"

"खरं आहे. माझ्या बाबतीत अजून सिद्ध व्हायचंय, एवढंच."

त्याचं नाव भूपेंद्र. तो विणकामाच्या यंत्रांचा मेकॅनिक होता. कंपनी त्याला प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवणार होती. तिला तिथल्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. दोघांनाही अट एकच — परीक्षा. तोंडी जोडीनं द्यायची होती, म्हणून सराव दोघांनी एकत्रच केला. तो बेधडक चुकायचा. ती मनात वाक्य निर्दोष जुळवायची आणि ओठ मिटलेलेच राहायचे. तो वाट बघायचा. चहाच्या हातगाडीवर साखर हवी का, हेही जर्मनमध्ये विचारायचा. ती नुसती मान डोलवायची.

"मान हलवण्याला मार्क नाहीत," तो हळूच म्हणायचा आणि नजर तिच्यावरच ठेवायचा...

हळूहळू एक दुसरीच भीती तिच्या मनात शिरली. पास झालो तर जर्मनीत हा एका शहरात, मी दुसऱ्यात. नापास झाले तर मी इथेच.

तोंडी परीक्षेत विषय आला — दोघांनी मिळून रविवारचा बेत ठरवा. धनश्री मनातच वाक्य जुळवत राहिली. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं हातचं निसटत होतं.

भूपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, रविवारी माझ्या घरी याल? आईला तुम्हाला बघायचंय.

हे सरावात कधीच नव्हतं. तिचे कान तापले. आणि ती बोलली — चुकत, अडखळत, पण न थांबता. येईन. मिठाई आणीन. तुमच्या आईला मी आवडले नाही तर काय करू, असंही तिनं विचारून टाकलं. बाईंनी हसू दाबत पेन उचललं.

बाहेर व्हरांड्यात मात्र भूपेंद्र पांढराफटक पडला होता.

"ते मार्कांसाठी होतं?" तिनं विचारलं.

तो घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करू लागला.

"आत सोपं होतं. तिथे चुकलं तर मार्क जातात."

"आणि इथे?"

"इथे... तुम्ही जाल."

मग खाली बघत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तो आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "ऐतवारले घर येशी का?"

धनश्रीचे आईवडील साताऱ्याकडचे; अहिराणी तिला येत नव्हती. तरी अर्थ विचारावा लागला नाही.

"आई काय काय विचारतील?"

"सगळंच."

तिच्या तळहातांना घाम फुटला. तसाच तो ओला हात तिनं त्याच्या हातात दिला.

"मग तू माझ्याजवळच बस," ती म्हणाली.