बस गेटवरूनच का फिरते?

"थांबा! अहो, थांबा ना!"

नेत्रावती हात हलवत धावली, पण लाल बस होंगेकट्टे गेटवर वळायलाही लागली होती. या गेटला ना फाटक, ना पहारेकरी. हमरस्त्यावरून गावाची वाट जिथे फुटते, त्या चिंचेखालच्या थांब्याला सगळे गेटच म्हणत. गाव तिथून तीन किलोमीटर आत, आणि गेले आठ दिवस बस आत शिरतच नव्हती.

"कंडक्टरअण्णा, गावात का येत नाही तुम्ही?" तिने दारातल्या कंडक्टरला गाठलं.

"रस्त्यात अडथळा आहे! डेपोत लिहून दिलंय. सोमवारी साहेब ही फेरीच बंद करणार."

"कसला अडथळा?"

"आत्ता तुडवत आलात की! डोळे घरी ठेवलेत का?" त्याने शिट्टी फुंकली आणि बस निघून गेली.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. जूनपासून नेत्राला आठवीसाठी तालुक्याला जायचं होतं, आणि अप्पांनी निक्षून सांगितलं होतं, "बस असेल तरच हायस्कूल. एवढ्या रानातून तुला एकटीला पाठवणार नाही." म्हणजे फेरी बंद, तर शाळाही बंद!

"आज शनिवार," ती म्हणाली. "उद्याचा एकच दिवस आहे. तो अडथळा शोधायचाच!"

"संक्रांतीची सुट्टी अन् ही डिटेक्टिव्हगिरी!" तिचा वर्गमित्र सिद्दू कुरकुरला, पण सायकल त्याने आधीच वळवली होती. त्याची धाकटी बहीण मल्ली टुणकन कॅरियरवर बसली.

तिघांनी रस्ता दोनदा पालथा घातला.

"पडलेलं झाड?"

"नाही."

"खड्डा?"

"एक आहे," मल्ली म्हणाली, "पण त्यात बेडूकसुद्धा मावायचा नाही!"

"मग कंडक्टर थापा मारतो!" सिद्दूने जाहीर केलं आणि तिसऱ्या फेरीला रागाने जोरजोरात पायडल मारलं. मोरीजवळच्या वळणावर खर्रर्र आवाज झाला, सायकल जागीच अडकली आणि बहीणभाऊ दोघेही रस्त्यावर पसरलेल्या कुळथावर आडवे झाले.

चेनमध्ये कुळथाचे वाळके वेल दोरखंडासारखे गुंडाळले होते. नेत्रा ते सोडवायला बसली आणि एकदम थांबली.

"सिद्दू, हाच! हाच अडथळा!"

"हे? हे तर दरवर्षी असतं!"

"म्हणून तर दिसलं नाही!"

सुगी आली की गावातले सगळे रस्त्यावर पीक पसरायचे. गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी! पण यंदा कुळीथ उदंड आला होता, आणि या वळणावरचा गुडघाभर उंच ढीग होता नेत्राच्याच अप्पांचा. बस येत नाही म्हणून पंचायतीत सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या काळेगौडांचा!

तिने घरी सांगून पाहिलं. अप्पा पोट धरून हसले. "कुळथाला घाबरते होय बस? तो ड्रायव्हरच आळशी आहे!"

"मग उद्या मोपेडवरून गेटवर चला. बस का फिरते, ते दाखवते."

"चल! त्या ड्रायव्हरची चांगली हजेरीच घेतो!"

रविवारी सकाळी हजेरी बघायला निम्मं गाव चालत मागे निघालं. मोरीजवळ अप्पांनी नेहमीसारखी मोपेड कडेच्या पायवाटेवर घेतली, तर तिथे सायकल आडवी!

"अरे, बाजूला घ्या!"

"पंक्चर आहे, मामा!" सिद्दू गंभीरपणे म्हणाला. मल्लीने तोंडावर हात दाबून धरला.

अप्पांनी मोपेड मधून घातली. चार हातही गेली नसेल, मागच्या चाकाला वेलांचा विळखा बसला, इंजिन गुरगुरून बंद पडलं.

"कुठल्या गाढवाने भर रस्त्यात हे पसरलंय?" अप्पा कडाडले.

मल्लीला हसू आवरेना.

"आपलंच आहे, अप्पा," नेत्रा म्हणाली. "बस नाही तर हायस्कूल नाही, असं तुम्हीच म्हणालात. अन् बस परत पाठवताय तेही तुम्हीच!"

अप्पा चाकाजवळ उकिडवे बसले आणि एकेक वेल ओढून काढू लागले. मग उठून ओरडले, "बघताय काय? उचला सगळं! मारुतीच्या देवळामागचा कातळ काय झोपायला आहे? बैल लावून तिथे मळू!"

सगळे कामाला लागले, पण रस्ता मोकळा होईपर्यंत आठची बस यायला थोडाच वेळ उरला. आपलं खोटं पंक्चर विसरून सिद्दूने सायकल पिटाळली, नेत्रा कॅरियरवर! बस वळणार तोच ती समोर उभी राहिली.

"अण्णा, रस्ता मोकळा आहे! एकदा येऊन बघा. खोटं निघालं तर पुन्हा येऊ नका!"

ड्रायव्हरने कंडक्टरकडे पाहिलं, कंडक्टरने नेत्राकडे. "चढ वर," तो म्हणाला.

बस हॉर्न वाजवत गावात शिरली. कंडक्टरने सगळ्यांसमोर वहीत लिहिलं : अडथळा दूर, फेरी चालू. "आमची तक्रार आठ दिवस कुणाला उमगली नाही, ती या पोरांनी एका दिवसात सोडवली!" तो म्हणाला, आणि पंचायतीतल्या मोठ्यांनीही माना डोलावल्या.

अप्पा कुळथाची पिशवी घेऊन खिडकीशी आले. "ड्रायव्हरसाहेब, चुकलं आमचं. घरी याचं सार करा. अन् हो, जूनपासून ही माझी मुलगी रोज येणार. ती दिसली नाही, तर जरा थांबायचं."